चिचगडच्या वाटेवरचा बर्फ

आमच्या घरी एसी नाही, कूलर आहे. पाहुणे आले की हसतात. एसीवाल्या मिस्त्रीच्या घरी कूलर! मी सांगतो, बाबांनो, दिवसभर दुसऱ्यांची थंडी दुरुस्त करून घरी आलं की खसच्या वासाची ओली हवाच बरी वाटते. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की घरचा एसी बिघडला तर बायको मलाच दुरुस्त करायला सांगणार, मी ‘उद्या पाहतो’ म्हणणार, आणि तो उद्या काही उजाडणार नाही.

गोंदियाला मुर्री रोडवर माझं गाड्यांच्या एसीचं दुकान आहे. टिनाचं शेड, पुढे कडुनिंब, आत दोन गाड्या कशाबशा मावतात. भर उन्हाळ्यात शेडखाली पाना हातात धरवत नाही, बादलीतल्या पाण्यात बुडवून घ्यावा लागतो. त्याच शेडमधली गाडी सुरू करायची, बटन दाबायचं आणि पाच मिनिटांत आत बसलेल्याच्या अंगावर काटा यायला पाहिजे, हे माझं काम. साठी ओलांडली, गुडघे कुरकुर करतात, तरी या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही.

लोकांना वाटतं एसी थंडी तयार करतो. थंडी कोणी तयार करत नाही, ती बनवायचं यंत्र जगात नाही. एसी फक्त गरमी उचलून बाहेर नेऊन टाकतो. पाइपातला गॅस म्हणजे पाणी भरणारी बाई समजा. गाडीच्या आतल्या कॉइलमध्ये येते, तिथली गरमी घड्यात भरते, पुढच्या जाळीत जाऊन बाहेरच्या वाऱ्यावर ओतते आणि रिकामा घडा घेऊन परत येते. तिला पळवतो तो कंप्रेसर. बॉनेट उघडून पाहा, वीतभर अंतरावर दोन पाइप असतात. एकाला हात लावला तर चटका बसतो, दुसऱ्याला लावला तर बोट गारठतं. गॅस तोच, चक्कर तीच. नवा माणूस दुकानात आला की मी आधी त्याला या दोन पाइपांना हात लावायला सांगतो. त्याचा चेहरा पाहायला मला फार आवडतं.

आमच्याकडच्या एसीचा खरा दुश्मन ऊन नाही, कूलर आहे. म्हणजे कूलरची सवय. विदर्भातला माणूस कूलरवर वाढलेला. कूलरचे नियम त्याच्या हाडात बसलेत. खिडकी थोडी उघडी ठेवा, हवा पास झाली पाहिजे. पाणी घालत राहा. जितका ओलावा तितका गारवा. कूलरला हे सगळं लागू आहे. एसीला नेमकं उलटं.

आमच्या गावात राइस मिल पुष्कळ. एक मिलवाले सेठ दर महिन्याला यायचे. “उस्ताद, गाडी नई है, फिर भी ठंडा नहीं करती.” मी पुढची जाळी कोंड्यानं बुजलेली पाहून धुऊन द्यायचो. धानाचा कोंडा बारीक, त्या जाळीत असा बसतो की जणू लिंपून काढलीय. तरी महिनाभरानं सेठ पुन्हा हजर. शेवटी एकदा मी त्यांच्या बाजूला बसून बालाघाट रोडला गेलो, तर सेठनी चारही काचा बोटभर खाली घेतलेल्या. म्हटलं, सेठ, काच बंद करा. ते माझ्याकडे असं पाहायला लागले की याला अक्कल नाही. “बंद करूंगा तो हवा पास कैसे होगी?” आमगावच्या एकानं तर पुढच्या जाळीवर ओलं पोतं बांधलं होतं. त्याला वाटलं कूलरला लावतात तशी खसची टट्टी लावली. ते पोतं पंख्यात गेलं आणि पंख्याची तीन पाती मोडली.

हे किस्से मी रंगवून सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पण माझा सगळ्यात आवडता किस्सा होता तो गुरुजींच्या गाडीत उगवलेल्या धानाचा. ‘होता’ म्हणतो, कारण आता तो सांगताना हसू येत नाही.

गुरुजी म्हणजे चिचगडचे निवृत्त शिक्षक. पांढरी जुनी गाडी, चालवणार चाळीसच्या वेगानं आणि दिवस मावळायच्या आत घरी, कारण डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पावसाळाभर त्यांची गाडी धान साठवायच्या ढोलीशेजारी उभी असायची. एका सप्टेंबरात ते आले ते बोलेचनात, नुसतं बोट दाखवलं. डॅशबोर्डवरच्या जाळीतून, जिथून थंड हवा येते तिथून, हिरवी पाती वर आली होती. नखाएवढी नाही, चांगली बोटभर. उंदरांनी धान नेऊन आत घर केलं होतं, एसीच्या कॉइलवरचं पाणी त्या धानाला मिळालं आणि ते आपलं उगवलं. ना माती, ना ऊन. अंधाऱ्या पेटीत, प्लॅस्टिकच्या नळीत, उजेडाच्या दिशेनं पाती वाकवत ते बाहेर आलं होतं.

मी अर्धा मुर्री रोड बोलावला. बाजूचा टायरवाला, पलीकडचा चहावाला, रस्त्यानं जाणाऱ्या बाया, सगळ्यांना दाखवलं. फोटो काढले. कोणी म्हणालं रोवणी करा, कोणी म्हणालं सरकारकडे धानाचा बोनस मागा. त्या गर्दीत, त्या बोलण्यात मी डॅशबोर्ड खोलला, कॉइल काढली, धुतली, उंदरांचं घर साफ केलं, पुन्हा बसवली. अडकवायचा एक चाप तुटला होता तिथं माझी हिरवी टेप गुंडाळली आणि गुरुजींना गाडी दिली. ती पाती मी चहाच्या कुल्हडात लावली होती, आठ दिवस जगली.

पुढच्या जूनमध्ये गुरुजी एका बाईंना घेऊन आले. साठीच्या आतबाहेर, काटक, हिरवं लुगडं, हातात झाकणाची बांबूची टोपली. भागरताबाई. त्यांच्या गावची अकरा घरं मिळून कोसा घेतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोसा म्हणजे जंगलचं रेशीम. घरात ट्रेमध्ये पाळायचं नाही. ऐनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, त्या पानं खाऊन मोठ्या होतात आणि फांदीला देठ बांधून कोश करतात. सगळा धंदा सुरू होतो अंड्यांपासून. ती अंडी छत्तीसगडातल्या एका बीजकेंद्रातून थंड डब्यातून रेल्वेनं गोंदियाला यायची आणि इथून पुढे चिचगडला न्यायचं काम गावानं भागरताबाईंवर सोपवलेलं.

अंडं मोहरीहून मोठं, मसुरापेक्षा लहान. घातल्यापासून आठ-नऊ दिवसांत फुटतं. जास्त तापलं तर आतला जीव आतच मरतो, बाहेरून काही कळत नाही. मृग लागून गेला तरी आभाळ कोरडं असेल तर आमच्याकडे जूनही मे महिन्यासारखाच तापतो. आधी त्या बसनं न्यायच्या, तेव्हा निम्मी अंडी वाया जायची. मग गुरुजींनी गाडी देऊ केली, एसीची. अकरा घरं खूश झाली. आणि त्याच जूनमध्ये देवरीच्या अलीकडे एसी बंद पडला. अंड्यांतून चौथा हिस्साही अळ्या निघाल्या नाहीत.

“टेसनावरून निंगलो तवा बेस थंडं होतं जी,” भागरताबाई म्हणाल्या. “अर्ध्या रस्त्यात हवाच मरते. मंग गाडी उभी केली का खालून पानी गरते.”

“एसीचं पाणी गळतंच, बाई,” मी म्हणालो. “ते चांगलं लक्षण आहे.”

हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणतो. लोक घाबरून येतात, गाडी गळते म्हणतात, मी हसून हे सांगतो. त्यांनाही तेच सांगितलं. किती पाणी, किती वेळ, काही विचारलं नाही. गेज लावले, गॅस पाहिला, हवेच्या जाळीत थर्मामीटर अडकवून वीस मिनिटं एसी चालवला. काटा खाली उतरला तो तिथंच राहिला. “एकदम ओके,” मी म्हणालो.

दुसऱ्या जूनमध्ये तसंच झालं. तीच गाडी, तोच रस्ता, देवरीच्या अलीकडे बंद. या खेपेला त्या अंडी घ्यायच्या दोन दिवस आधीच गाडी तपासून घेऊन गेल्या होत्या. मीच तपासली होती. एकदम ओके. गुरुजींनी नंतर फोन करून सांगितलं तेव्हा मी वैतागलो. वर्षभर गुरुजी त्याच गाडीनं देवरीला जायचे, लग्नाला जायचे, एसी कधी बंद पडत नव्हता. अंडी बसली की बंद. मी दुकानात म्हणालोसुद्धा, या बाईच काहीतरी करत असतील. हे म्हणालो होतो हे मला लिहिलंच पाहिजे.

तिसऱ्या जूनला भागरताबाई अंड्यांच्या दिवशीच सकाळी दुकानात आल्या. अंड्यांची रेल्वे दुपारी बाराला स्टेशनवर लागणार होती, गुरुजी बाहेर वाट पाहत होते. मी गेज काढायला लागलो तर बाईंनी हात आडवा केला.

“मिस्त्री, तुमच्या दुकानात हे थंडं देते. माह्या रस्त्यानं नाही देत. मंग दुकानात काऊन पाहून राहिले? रस्त्यानं पाहा ना.”

मी म्हणालो, दोन गाड्या उघड्या पडल्यात, दुकान सोडून कसा येऊ?

“मी दोन सालं अकरा घराईले तोंड दाखवून राहिली. तुमी एक दिवस दुकान सोडा.”

मी गेज पुन्हा खोक्यात ठेवले. त्याच पुढे म्हणाल्या, आवाज न चढवता, “औंदा गेलं तं कोसाच बंद होते जी. बाया म्हनतात, भागरताच्या हाताले यश नाही. दुसऱ्या कोनाले पाठवू नाही, हा धंदाच सोडू.” टोपलीचं झाकण त्या बोटांनी दाबून धरत होत्या, आत अजून काही नव्हतं तरी.

मी टायरवाल्याला शेडकडे लक्ष ठेवायला सांगितलं, पिशवीत पाने, पटाशी, टॉर्च, थर्मामीटर टाकलं आणि गाडीत मागे बसलो. कधी कोणाच्या बोलण्यानं एवढा खजील झालो नव्हतो. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

स्टेशनवर अंड्यांच्या पुड्या हातात मिळाल्या. भागरताबाईंनी एकेक पुडी गालाला लावून पाहिली आणि टोपलीत ऐनाच्या पानांवर ठेवली. हे त्यांचं थर्मामीटर. मग गाडीत बसण्याआधी त्यांनी पिशवीतून ओलं पोतं काढून पायाखाली पसरलं. ओली लुगडी घडी करून चारही काचांना आतून टांगली. पाण्याची बाटली जवळ ठेवली, दर थोड्या वेळानं शिंपडायला. गुरुजींना म्हणाल्या, वारा जोरात नको, अंड्याले वारा लागते, आणि ब्लोअर एकवर केला. थंडीचं बटन मात्र शेवटपर्यंत फिरवलं.

मला आतून हसू आलं. पुन्हा कूलर, म्हटलं. सेठची काच, आमगावचं पोतं, त्यात आता हे. हसू मिशीतच ठेवलं. मागच्या सीटवर माझ्या थर्मामीटरवर सव्वीस अंश होते. बाहेर रस्ता पांढरा पडला होता, धानाच्या बांधीत भेगा, रोपांचे पऱ्हे टाकायला पावसासाठी थांबलेले शेतकरी मोहाच्या झाडाखाली बसलेले. आमगाव मागे पडलं. सगळं छान चाललं होतं, आणि मी मनात म्हणत होतो की आज काही बिघडणार नाही, बाई उगाच आणलं तुम्ही मला.

मग हवा पातळ व्हायला लागली.

गरम नाही झाली. पातळ झाली. ब्लोअरचा आवाज तोच, उलट जरा जड, पण जाळीतून येणारा वारा कमी कमी होत गेला. थर्मामीटर अठ्ठावीस, मग तीस. गुरुजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. भागरताबाईंनी टोपली छातीशी धरली आणि म्हणाल्या, “पाहा. मेली हवा.” दोन वर्षांपूर्वी त्यांनी अगदी हेच सांगितलं होतं. मी तेव्हा ऐकलं होतं ते एवढंच की थंडी येत नाही.

मी पुढे वाकून डॅशबोर्डखाली हात घातला. कॉइलचा पाइप हाताला लागला आणि बोटं चिकटली. बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि माझी बोटं पाइपाला चिकटलेली. गुरुजींना एका मोहाखाली गाडी थांबवायला लावली, इंजिन सुरूच ठेवायला सांगितलं, पुढचा खण काढला, टॉर्च मारला.

आत बर्फ होता. कॉइल दिसतच नव्हती. पांढरा, भरीव, फ्रिजमधल्या जुन्या बर्फासारखा. हवा जायला केसाएवढी फट नव्हती. एवढी वर्षं हे काम करतो, कॉइल गोठते हे मला ठाऊक आहे, फ्रिजमध्ये तर रोज पाहिलंय. पण देवरीच्या त्या भाजून निघालेल्या रस्त्यावर, बंद पेटीत, तो बर्फ मी टॉर्च जवळ नेऊन पुन्हा पाहिला. थंडी इतकी झाली होती की तिनं स्वतःचीच वाट अडवली होती.

“एसी बंद करा,” मी गुरुजींना म्हणालो. “पंखा चारवर.”

“बंद?” गुरुजींचा आवाज चिरकला. “अहो मिस्त्री, अंडी आहेत! आधीच गरम होऊन राहिलंय!”

“बर्फ जमलाय. तो वितळला पाहिजे. वितळताना हवा गारच देईल.”

गुरुजींचा हात बटनावर तसाच. त्यांनी भागरताबाईंकडे पाहिलं. अंडी त्यांची होती. मी आत बोट घालून बर्फाचा एक तुकडा खरवडला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो पाहिला, मुठीत धरला, उघडला. पाणी मनगटावरून खाली आलं.

“हे माह्या गाडीत होतं?”

“हो.”

“दोन सालं हे माह्या पुढ्यातच होतं,” त्या म्हणाल्या आणि मग गुरुजींना, “बंद करा.”

बंद केला. पंखा भरधाव. सुरुवातीला काहीच नाही. मग जाळीतून एक बारीक गार झुळूक, मग दुसरी. गाडीखाली पाणी धार लावून वाहायला लागलं, थेंब नाही, धार. कुठूनशा दोन शेळ्या आल्या आणि ते पाणी प्यायला लागल्या. हे पाणी बाईंनी मला सांगितलं होतं आणि मी त्यांना चांगलं लक्षण म्हणालो होतो.

वितळेपर्यंत मी टॉर्च धरून कारण शोधत होतो. कॉइल गोठू नये म्हणून तिच्या पात्यांत एक सेन्सर खोचलेला असतो, शेंगदाण्याएवढं टोक आणि बारीक वायर. कॉइल फार गार झाली की तो कंप्रेसरला सांगतो, थांब. तो थांबतो, पुन्हा सुरू होतो. एसीचा सगळा शहाणपणा त्या टोकात. बर्फ ओसरला तसं ते टोक दिसलं. पात्यांत नव्हतं. बाजूला अधांतरी लोंबत होतं, कॉइल गोठून दगड झाली तरी त्याला पत्ता लागत नव्हता. त्याच्या गळ्यात हिरवी टेप होती.

माझी टेप. ती मी नागपूरहून आणतो, गोंदियात दुसऱ्या कोणाकडे नसते.

मला तो सप्टेंबर आठवला. धानाची पाती, बघ्यांची गर्दी, फोटो, आणि मी बोलत बोलत टेप गुंडाळतोय. टेप ढिली झाली, टोक निसटलं. साध्या दिवशी गाडीत कोरडी हवा, त्यामुळे बर्फ धरायला ओलावाच नाही, तासाभराच्या रस्त्यात काही होत नव्हतं. माझ्या शेडमधल्या वीस मिनिटांत तर नाहीच नाही. पण अंड्यांच्या दिवशी ओलं पोतं, ओली लुगडी, शिंपडलेलं पाणी, हळू पंखा, पूर्ण थंडी. सगळा ओलावा कॉइलवर येऊन गोठत होता. बाई जितक्या जपत होत्या, तितकी हवा लवकर मरत होती. सेन्सर जागेवर असता तर त्यांनी विहीर आणून ठेवली असती तरी एसी बंद पडला नसता.

तिथं गप्प बसता आलं असतं. टेप काढून खिशात घातली असती तर कोणाला कळणार होतं? त्या दोघांना ते टोक कशाचं हेही ठाऊक नव्हतं. मी दोन-तीन मिनिटं खणात डोकं घालून राहिलो, ते काम करत होतो म्हणून नाही.

मग बाहेर आलो आणि सांगितलं. ही टेप माझी, हे काम माझं, दोन्ही वर्षं तुमची अंडी माझ्या हातानं गेली.

गुरुजी दुसरीकडे पाहायला लागले. भागरताबाई टोपलीकडे वळल्या. टोपलीतली एक पुडी उचलून त्यांनी गालाला लावली, ठेवली. मला वाटलं शिवी देतील. झाडीपट्टीतली बाई शिवी द्यायला कचरत नाही.

“आता बसवता येते का थे?” त्यांनी विचारलं.

“चाप नाही जवळ. टेप पुन्हा निसटेल.”

त्यांनी टोपलीच्या काठाची एक बांबूची कामटी कडकन मोडली आणि माझ्या हातात दिली. “ही फुगत नाही ना निसटत नाही. येचा टोपला करतो आमी.” मी ती पटाशीनं सोलून पाचर केली, टोक पात्यांत खोलवर खोचलं आणि पाचर ठोकली. अजून ती तशीच आहे. अशी घट्ट बसलेली फिटिंग माझ्या हातून क्वचितच झाली असेल.

ओल्या लुगड्यांवरून मात्र आमचं जुंपलं. मी म्हणालो, ही काढा आता. त्या म्हणाल्या, “सुकं वारं लागलं का अंडं आटते. तुमच्या एसीची हवा सुकी.” आणि त्यांचं खरं होतं. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हे मी रोज लोकांना सांगतो आणि त्याचा अंड्यांशी संबंध मी जोडला नव्हता. स्टेशनपासून त्या कूलरसारखं वागतात म्हणून मी हसत होतो, त्या अंड्यासाठी वागत होत्या. शेवटी एक ओलं फडकं टोपलीच्या झाकणाखाली, अंड्यांना न टेकवता, बाकी सगळं डिकीत, असं ठरलं. तेही त्यांनीच ठरवलं. चिचगड येईपर्यंत थर्मामीटर सव्वीसवरून हललं नाही आणि मागे बसून मी दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे पाहत होतो.

परतीची गाडी मिळाली असती, पण मी गुरुजींकडे राहिलो. अंडी दुसऱ्या सकाळी फुटायची होती. अर्धा-पाऊण तास ती तिसावर होती, आधीच्या प्रवासात काय झालं असेल ठाऊक नव्हतं. कळायचा एकच मार्ग होता.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही गावाबाहेरच्या ऐनाच्या झाडांकडे गेलो. अकरा घरच्या बाया आधीच येऊन बसल्या होत्या. भागरताबाईंनी पानांचे दोने करून त्यांत अंडी ठेवली होती, दोने फांद्यांना बांधायला तयार होते. मी एका दोन्याशी उकिडवा बसलो. गुडघे बोंबलत होते.

किती वेळ काही झालं नाही. तांबूस, चपटी, निर्जीव अंडी. मग कोवळं ऊन पानावर आलं आणि एका अंड्याच्या कडेला सुईनं टोचावं तसं छिद्र पडलं. आतून काहीतरी काळं, टाचणीच्या डोक्याएवढं, हललं. त्यानं भोक कुरतडून मोठं केलं, डोकं बाहेर काढलं, थांबलं. मग पिवळसर अंग ओढत बाहेर आलं. माझ्या नखाच्या निम्म्यानंही नसेल. ते मागे वळलं आणि स्वतःचंच टरफल खायला लागलं. मी मान वर करून बाजूच्या दोन्यात पाहिलं, तिथंही छिद्रं. त्याच्या पलीकडेही. ऊन आलं आणि सगळ्यांना एकाच वेळी कोणी हाक मारल्यासारखं झालं. दोन्यांतून अळ्या चढायला लागल्या, एकमेकींच्या अंगावरून, सगळ्या पानांकडे. त्यांना झाड कुठं आहे हे कोणी सांगितलं? मी आयुष्यभर गरमी इकडून उचलून तिकडे टाकली. ती अजून चार-पाच अंशांनी चढली असती तर हे काहीच नसतं, आणि चढली नाही म्हणून हे असं सगळं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

भागरताबाई उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही, फक्त दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळलेले.

एक म्हातारी, बायांमधली सगळ्यात वयस्कर, दोन्यात वाकून पाहत म्हणाली, “औंदा तं बेस निंगून राहिले गा बाई. मंग मांगच्या सालं का झालं होतं वो भागरता?”

भागरताबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “का मालूम,” त्या म्हणाल्या.

त्या मला झाकत होत्या. दोन वर्षं लोकांचं बोलणं खाल्लं आणि वर मला झाकत होत्या. मी उठलो. गुडघा वाजला, सगळ्या बायांनी वळून पाहिलं. मी म्हणालो, “चूक माझी होती. गाडीत माझ्या हाताची खोट होती. यांच्या हाताला यश आहे.”

पानं खायचा आवाज एवढ्या लहान अळ्यांचा येत नाही म्हणतात, मला मात्र तो येतोय असं वाटलं.

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंग असं करा जी,” ती म्हणाली, “पुढच्या सालं बी तुमीच संगं या. तुमाले हेच डंड.”

तेव्हापासून दर जूनला एक दिवस माझं दुकान बंद असतं. आणि कोणी ‘कधी चालतो, कधी नाही’ अशी तक्रार घेऊन आलं की मी गेज काढत नाही. कुठं बंद पडतो, तेव्हा गाडीत कोण असतं, सोबत काय असतं, हे विचारतो आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसतो. धंद्याच्या दृष्टीनं हे परवडत नाही. सेठ म्हणतात उस्ताद सठिया गया.

यंदा गुरुजींच्या मुलानं नवी गाडी घेतली. दोन कॉइलचा एसी, मागे वेगळी हवा, असा एसी पाच वर्षं तरी बिघडायचा नाही. जूनमध्ये अंड्यांचा दिवस आला तेव्हा मी शेडमध्येच होतो, कंप्रेसर उघडून बसलो होतो. आपली गरज संपली, असं स्वतःला समजावत होतो. सकाळी भागरताबाई दारात आल्या, काखेत टोपली, तिच्या काठावर त्या मोडलेल्या कामटीची जागा अजून तशीच.

“चाला.”

“बाई, नवी गाडी आहे. एसी काही बंद पडत नाही तिचा.”

“एसीसाठी कोन बोलावून राहिलं तुमाले?” त्या म्हणाल्या. “उद्या सकारी अंड्यातून निंगतील. पाहाले नाही येत का?”

मी हात पुसले आणि शटर ओढलं.